'आता तुम्ही फक्त आराम करा' हे वाक्य जपून वापरा

"आई, आता तुम्ही काही करायचं नाही. फक्त आराम करायचा." गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जोडीदार गेला किंवा गावचं घर बंद करून आईला शहरात आणलं, की हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यामागे माया असते. तरीही डॉक्टर म्हणून मला ते धोक्याचं वाटतं.

भाजी निवडणं, सकाळी दूध आणणं, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं ही कामं आपल्याला किरकोळ वाटतात. पण प्रत्येक कामाला माणसं जोडलेली असतात. दूध आणायला गेलेल्या आजोबांना डेअरीवाला विचारतो, "काका, आज उशीर झाला?" दूध घरपोच सुरू झालं की हा प्रश्नही बंद होतो. आपली कोणाला तरी गरज आहे, कोणीतरी आपली वाट पाहतं, ही भावना हळूहळू विरते.

वयस्कर माणसं "मला उदास वाटतं" असं क्वचितच म्हणतात. अंग दुखतं, भूक नाही, पहाटे तीनला जाग येते, विसरायला होतं, अशा तक्रारी घेऊन ती येतात. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." नाही! नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ज्येष्ठांमधलं नैराश्य ओळखण्यासाठी आम्ही १५ प्रश्नांची एक यादी वापरतो. त्यातला एक प्रश्न असा : तुमची बरीचशी कामं आणि आवडीच्या गोष्टी सुटल्या आहेत का?

इथे एक दुष्टचक्र असतं. मन खचलं की माणूस कामं सोडतो, लोकांना टाळतो. त्यामुळे आनंदाचे क्षण कमी होतात आणि मन आणखी खचतं. "मूड आला की करीन" असं म्हणत थांबलं, तर तो मूड येतच नाही. म्हणून सुरुवात कामापासून करायची. छोटं काम, ठरलेली वेळ. मन मागून येतं.

हे केवळ माझं मत नाही. गोव्यात साठीच्या पुढच्या १८१ जणांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वांना नैराश्याची सौम्य लक्षणं होती. त्यातल्या निम्म्या लोकांना, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी रोजच्या अडचणी सोडवायला आणि झोप सुधारायला मदत केली. वर्षभरात त्यांच्यापैकी सुमारे ४ टक्के लोकांना नैराश्याचा आजार जडला, तर नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात सुमारे १४ टक्के लोकांना. डॉक्टर नसलेली माणसंही किती करू शकतात, हे यातून दिसतं.

मग घरी काय कराल? एक काम त्यांच्याकडे सोपवा आणि ते खरोखर त्यांचंच राहू द्या. शेंगा सोलायला वेळ लागला तर लागू दे. रोज एकदा घराबाहेर पडणं आणि घराबाहेरच्या एका माणसाशी बोलणं, एवढं ठरवा. ऐकू येत नसेल तर कान तपासून घ्या. कित्येक जण ऐकू येत नाही म्हणूनच गप्पांतून उठून जातात.

मात्र सक्ती नको. "उठा, काहीतरी करा" असं ओरडून नैराश्य जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी, झोप-भूक बिघडणं, कशातच रस नसणं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२ची कमतरता आणि चालू औषधंही तपासावी लागतात. गरज असेल तर नैराश्याची औषधं या वयातही उपयोगी पडतात. "आता जगून काय करायचं" हे बोलणं कधीही हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे.

आज घरी गेल्यावर आईला आराम करायला सांगण्याऐवजी विचारा, "आई, आमटी तुझ्यासारखी होत नाही. जरा दाखवतेस का?"