रविवारचे पाहुणे

एप्रिलमध्ये शेवटच्या रविवारचा वर्ग संपल्यावर एक विद्यार्थी फळा पुसायला थांबले. विद्यार्थी म्हणजे रेल्वेतून निवृत्त व्हायला दोन वर्षं उरलेले गृहस्थ. मी त्यांना 'अहो' म्हणते, ते मला 'मॅडम'. डस्टर ठेवता ठेवता त्यांनी सिकंदराबादच्या दखनीत विचारलं, "अगले सेमिस्टर में बी आपीच रहेंगे ना, मॅडम?" त्या 'आपीच'मधला 'च' दखनीने मराठीकडून घेतला असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात, आणि एरवी मी तो वर्गात आनंदाने फळ्यावर लिहिला असता. त्या दिवशी 'हो' म्हणता आलं नाही. मधलं एक वर्ष सोडलं तर नऊ वर्षं मी त्या खोलीत शिकवते आहे, आणि पुढच्या सत्रात मी असेन की नाही हे मला दरवर्षी जुलैचा दुसरा आठवडा उलटल्यावर कळतं.

मी अनुवादक आहे. तौलनिक साहित्यात एम. ए. केलं, पुढे पुस्तकं अनुवादित करत राहिले आणि रविवारी एका विद्यापीठाच्या अनुवाद पदविकेला दोन तासिका घेते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. इतरत्रही हेच चालतं, एकाला पकडून उपयोग नाही. वर्गात अडतीस जण आहेत. राजभाषा अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसणारे बँकेतले कारकून, कोर्टातल्या कागदांचं भाषांतर करणारे एक गृहस्थ, दोन शाळामास्तर, एक परिचारिका, आणि लग्नामुळे सुटलेलं शिक्षण वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा धरणाऱ्या काही बायका. सगळ्यात लहान विद्यार्थी एकतीस वर्षांचा आहे.

विद्यापीठाच्या कागदावर मी 'अतिथी' आहे. पहिल्या दिवशीच्या पाहुण्याचं कौतुक करणारी आणि तिसऱ्या दिवशीही न हलणाऱ्याची अक्कल काढणारी म्हण आपल्याकडे आहे. नवव्या वर्षीच्या पाहुण्याबद्दल ती काही सांगत नाही. महाराष्ट्रात याच माणसाला 'तासिका तत्त्वावरील' म्हणतात, बोलताना नुसतं 'सीएचबी'. एखादं तत्त्व इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे पाळलं जात नसेल. कर्नाटकात तो 'अतिथी उपन्यासक' असतो, आणि हिंदी वाचकाला वाटतं, हा कोणी पाहुणा कादंबरीकार आला आहे. तमिळनाडूत 'गौरव विरिवुरैयाळर'. आणि या सगळ्यांना जे मिळतं त्याला मराठीत मानधन, हिंदीत मानदेय, कन्नडमध्ये गौरवधन, तेलुगूत गौरव वेतनम्, बंगालीत साम्मानिक म्हणतात. एरवी एका शब्दावर एकमत न होणाऱ्या आपल्या भाषा इथे एकदिलाने बोलतात. पगार म्हटलं की रजा, भविष्यनिर्वाह निधी, बाळंतपण हे सगळं मागून येतं. मान दिला की एवढ्यावर भागतं.

माझा मान तासाला आठशे रुपये आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१९मध्ये अतिथी प्राध्यापकांसाठी एका व्याख्यानाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असा दर ठरवला. तो कागद घेऊन मी कार्यालयात गेले, तेव्हा 'हा नियमित विभागांसाठी, आपला अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित' असं उत्तर मिळालं. मग मी आयोगाचे २०१८चे विनियम काढले. त्यांत म्हटलं आहे की कंत्राटी शिक्षक अगदी आवश्यक असतील तेव्हाच नेमावेत, एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी देऊ नये. तासावर बोलावलेला माणूस या दहा टक्क्यांत धरायचा की नाही, असं मी विचारलं. समोरचे साहेब हसले. वाईट माणूस नाही. त्यांनी चहा मागवला.

स्वयंअर्थसहाय्यित म्हणजे काय, हे आता मीच सांगते. बारा हजार शुल्क भरणारे अडतीस जण, म्हणजे ४,५६,००० रुपये. वर्षाला चोवीस रविवार, दोन-दोन तासिका, आठशेच्या दराने एका शिक्षकाचे ३८,४०० होतात. आम्ही चौघं शिकवतो, म्हणजे १,५३,६००. जमा होणाऱ्या शुल्कातला साधारण एक तृतीयांश भाग शिकवण्यावर खर्च होतो. उरलेल्या दोन तृतीयांशांत वीज, खोली, कारकुनी आहेच, ते नाकारत नाही. पण 'पैसे नाहीत' हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा म्हणू नये.

तासिका तरी मोजल्या जातात. अनुवादाच्या वर्गात खरं शिकवणं वहीच्या समासात होतं. आंधळेपणाने शब्दकोश उघडून लिहिलेलं वाक्य आणि दोनदा विचार करून चुकलेलं वाक्य यांत फरक असतो, आणि तो प्रत्येकाच्या वहीत वेगळा लिहून दाखवावा लागतो. एका स्वाध्यायाला मला वीस मिनिटं लागतात. अडतीस स्वाध्याय म्हणजे साडेबारा तासांच्या वर. विद्यापीठ प्रत्येकी पंधरा रुपये देतं, एकूण ५७०. तासाला पंचेचाळीस रुपये झाले. आमच्या सोसायटीतला गाडी धुणारा मुलगा याहून चांगला हिशेब करतो आणि त्याचा हिशेब कोणी मानधन म्हणून टाळत नाही.

पण दराबद्दलच भांडायचं असतं तर हे मी कार्यालयापुरतं ठेवलं असतं. मुद्दा प्रौढ विद्यार्थ्याचा आहे. अर्धवेळ विद्यार्थ्याला अर्धवेळ शिक्षक पुरतो, हे आपल्याकडे न बोलता ठरलेलं आहे. सकाळच्या वर्गातल्या विशीतल्या मुलाला कायम प्राध्यापक, ग्रंथालय, कँटीन. रविवारच्या पन्नाशीतल्या माणसाला कुलूपबंद ग्रंथालय आणि दरवर्षी नव्याने ठरणारा शिक्षक. याला सिद्धान्ताचा आधारही मिळतो. प्रौढ हा स्वयंअध्ययन करणारा असतो, त्याला छापील साहित्य दिलं की झालं, असं म्हणतात. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, आमच्या हैदराबादेत १९८२ साली देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आलं, १९८९ साली नाशिकचं. या संस्थांनी ज्यांच्यासाठी दार उघडलं त्यांना ते दुसरीकडे कुठे उघडलं नसतं. त्यांची छापील पाठ्यपुस्तकं मी स्वतः वापरते, काही उत्तम आहेत. पण पुस्तक मुद्दा समजावतं, भीती घालवत नाही.

आणि प्रौढ विद्यार्थी भितो. हे वर्गाबाहेरच्यांना पटत नाही. माझ्या चौथ्या वर्षी एक बाई आल्या होत्या, मूळच्या नांदेडकडच्या, बी. ए. दुसऱ्या वर्षाला सुटलेलं. मराठी, दखनी, तेलुगू तिन्ही भाषांत फर्डं बोलणाऱ्या. लिहायला मात्र हात उचलेना. रात्री दहा वाजता फोन करायच्या, कारण ओटा तेव्हा आवरलेला असे. 'मॅडम, एवढंच विचारते' म्हणून सुरू झालेला फोन पाऊण तास चाले. दुसऱ्या सत्राच्या शेवटी त्यांनी आपला उतारा वर्गात उभं राहून वाचला. त्यात 'ओसरी'ला इंग्रजी शब्द शोधायचा सोडून त्यांनी अख्खं वाक्य फिरवलं होतं, आणि ते वाक्य माझ्यापेक्षा चांगलं होतं. पुढच्या वर्षी मला पत्र आलं नाही. हेच ते मधलं वर्ष. नवीन शिक्षक हुशार होते, त्यांनी पहिल्या दिवसापासून अभ्यासक्रम सुरू केला, तो त्यांचा दोष नाही. कोण कुठवर आलं आहे हे त्यांना सांगायला कोणी नव्हतं. बाई तीन रविवार आल्या आणि थांबल्या. घरी सासूबाईंचं आजारपणही होतं, सगळं माझ्या नेमणुकीवर टाकणार नाही. पण त्यांची वही माझ्याकडे राहिली ती अजून आहे.

मला सांगतात की यापेक्षा वाईट स्थिती आहे. आहेच. दिल्ली विद्यापीठात ॲड-हॉक शिक्षकांनी वर्षानुवर्षं चार-चार महिन्यांच्या नेमणुका आणि मधला एका दिवसाचा खंड सोसला, डिसेंबर २०१९मध्ये ते रस्त्यावर उतरले. मराठवाड्यात नेट-सेट झालेली, पीएच. डी. केलेली मुलं दरवर्षी त्याच खुर्चीसाठी नव्याने मुलाखत देतात. त्यांच्यापुढे मी सुखवस्तू आहे, मला अनुवादाची कामं आहेत. कायम नोकरीतली माझी एक मैत्रीण हेच ऐकवते: तुझं हे जोडकाम आहे गं. खरं आहे, मला कायम नोकरी नकोच. रोज अनुवाद करणारी व्यक्ती आठवड्यातून एकदा वर्गात येते, याचा त्या वर्गाला फायदा असतो, आणि अर्धवेळ शिकवण्याची खरी जागा ती आहे. पण नऊ वर्षं दर रविवारी भरणारा, तोच अभ्यासक्रम असलेला, शुल्क आगाऊ घेणारा वर्ग तात्पुरता कसा? गरज कायमची आहे आणि फक्त माणूस तात्पुरता ठेवला आहे, एवढंच.

मग फुल्यांचं नाव निघतं. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालवली, त्यांनी कुठे मानधन मागितलं? हा प्रश्न मला एका परिसंवादात, व्यासपीठावरून, कायम प्राध्यापकाने विचारला आहे. त्या शाळेत शुल्काची खिडकी नव्हती. आणि जे फुकट शिकवत होते तेच शाळा कशी चालेल हे ठरवत होते. मला अभ्यासमंडळाच्या बैठकीला पाहुणी म्हणूनसुद्धा बोलावत नाहीत.

'व्रत' हा शब्द निरुपद्रवी नाही. १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षक 'कामगार' नाही. कारणांत एक हे होतं की शिकवणं हे उदात्त कार्य आहे, ते कुशल-अकुशल श्रमांत किंवा कारकुनीत बसत नाही. उदात्त ठरल्यामुळे त्या बाई कायद्याच्या संरक्षणाबाहेर गेल्या. त्यानंतर सदतीस वर्षांनी, ऑगस्ट २०२५मध्ये, गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या बाबतीत त्याच न्यायालयाने किमान वेतनश्रेणी द्यायला सांगितली, आणि समारंभांतून गुरुस्तोत्र म्हणत राहणं पुरेसं नाही असंही सुनावलं. तो निकाल मी छापून वर्गात नेला आणि कोर्टातल्या गृहस्थांकडून त्यातल्या एका परिच्छेदाचा अनुवाद करून घेतला. 'पॅरिटी'ला त्यांनी 'बरोबरी' लिहिलं. मी 'समता' सुचवलं, त्यांनी ऐकलं नाही, आणि ते बरोबर होते.

या अंकाचे वाचक बहुतेक माझ्याच गोतावळ्यातले आहेत, म्हणून त्यांनाही थोडं. आपण 'श्रम आणि साहित्य' यावर परिसंवाद घेतो. तिथे पाहुण्यांना स्टेशनवरून आणणारी, खुर्च्या लावणारी, आभार मानणारी मुलगी तासिका तत्त्वावरची असते आणि तिचा शोधनिबंध शेवटच्या सत्रात, जेवणानंतर. मीही अशा परिसंवादांत दुपारी निघून गेले आहे. मीही रात्री दहाच्या फोनबद्दल मुलाखतीत 'त्यातच आनंद' असं सांगितलं आहे. आनंद होता. पण तो सांगून मी कार्यालयाला एक आयता युक्तिवाद दिला.

मला हवं ते फार नाही. नेमणूक वर्षाची नको, तुकडीची हवी: जी तुकडी दोन सत्रांसाठी शुल्क भरते, तिला दोन्ही सत्रांत तेच शिक्षक असतील हे प्रवेशाच्या दिवशी लिहून द्यावं. वह्या तपासण्याचे तास तास म्हणून मोजावेत. शिक्षक बदलायचाच असेल तर जुन्याने नव्याला वर्ग सोपवण्यासाठी एक दिवस द्यावा आणि त्याचे पैसे द्यावेत. रविवारी ग्रंथालय उघडं ठेवावं.

मे महिन्यात मी स्वाध्याय तपासण्याचं बिल तासांवर करून पाठवलं. 'विहित नमुन्यात नाही' असा शेरा मारून ते परत आलं. नमुना मागवला, त्यात 'कामाचे तास' असा रकानाच नाही. पट्टीने एक रेघ मारून रकाना आखला आणि बिल पुन्हा पाठवलं आहे.