शाखेच्या मुळाशी फ्यूज हवा

चतुर्थी तोंडावर आली की माटोळीच्या जोडीने रोषणाईच्या तारा ताणल्या जातात. मुख्य वाहिनीवरून बारीक तारेची शाखा काढून चिकटपट्टी गुंडाळली की काम झाले, ही समजूत सर्रास आढळते. ती घातक आहे. मुख्य वाहिनीवरील ३२ अँपिअरचा एमसीबी त्या जाड तारेचा रक्षक असतो. दीड चौरस मिलिमीटरच्या शाखेची क्षमता जवळजवळ निम्मीच. शाखेतून दुप्पट प्रवाह वाहिला तरी एमसीबी स्वस्थ, आणि उष्णता मात्र चौपट! वर सुकत चाललेली पाने आणि मागे कागदी मखर.

म्हणून तार जिथे बारीक होते तिथेच तिला साजेसा फ्यूज वा एमसीबी बसवावा, असा दंडक आहे. आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या मानकात तो फार तर ३ मीटर पुढे नेण्याची मुभा आहे. पण शाखेत शॉर्टसर्किटचा धोका अत्यल्प हवा आणि जवळपास ज्वालाग्राही वस्तू नसावी. माटोळीखाली ही सवलत कुणी मागावी? फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणाऱ्या महाभागांविषयी तर न बोललेलेच बरे.

सार्वजनिक मंडळांनी परवानाधारक तंत्रज्ञाकडून प्रत्येक शाखेचे मूळ तपासून घ्यावे, आणि तेही मूर्ती मखरात बसण्यापूर्वी.