दिव्याची कंपनी पाहता, वायरही पाहा

सर्व चारचाकीमालकांना आवाहन

दसरा तोंडावर आला आहे. नवी गाडी हार घालून, चाकाखाली लिंबू चिरडून शोरूमबाहेर निघाली की पुष्कळदा थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात जाते. फॉग लॅम्प, जोरकस हॉर्न, डॅशकॅम, ॲम्प्लिफायर. दिवा कुठल्या कंपनीचा, पिवळा की पांढरा, यावर तासभर खल होतो. त्याला करंट पुरवणारी वायर मात्र दुकानातल्या बंडलमधून जी निघेल ती. आमची विनंती या वायरीपुरतीच आहे.

हिशेब सोपा आहे. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. 55 वॅटचे दोन हॅलोजन फॉग लॅम्प म्हणजे 110 वॅट, आणि 12 व्होल्टच्या गाडीत साधारण 9 अँपिअर. घरात 230 व्होल्टवर एवढ्याच वॅटला अर्धा अँपिअरही लागत नाही, त्यामुळे घरचा अंदाज गाडीत चालत नाही. हा भार पार्किंग लाइटच्या अर्ध्या स्क्वेअर एमएमच्या वायरीला जोड मारून टाकला, तर तीन मीटरांत जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो आणि त्याची उष्णता वायरीत मुरते. हॅलोजनला 12 ऐवजी 11 व्होल्ट मिळाले तर उजेड सुमारे पाव हिश्शाने घटतो. दिव्याला मोजलेले पैसे असे वायरीत जातात. या जोडीला अडीच स्क्वेअर एमएमची वायर घ्या, तीही रिलेमधून; म्हणजे डॅशबोर्डवरच्या स्विचमधून नाममात्र करंट जाईल.

वायर गाड्यांसाठीचीच मागा. बारीक तारांची, लवचिक, बॉनेटखालची उष्णता आणि ऑइल सोसणारी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. तिचे टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते बंडल परत करा.

आता फ्यूज. फ्यूज दिवा वाचवायला असतो असे बहुतेकांना वाटते. तो वायर वाचवायला असतो. म्हणून त्याची जागा बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, डॅशबोर्डखाली नव्हे. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतात, तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर पत्र्याची धार रोज थोडी थोडी इन्सुलेशन कापत राहते. एक दिवस तांबे बॉडीला टेकते. बॅटरीजवळ फ्यूज असेल तर तो उडतो आणि दिवे बंद पडतात, एवढेच. फ्यूज पत्र्याच्या आत असेल तर त्याला पत्ताही लागत नाही. बॅटरी शेकडो अँपिअर त्या वायरीत ओतते आणि वायर पेटते. वर सांगितलेल्या जोडीला 15 अँपिअरचा निळा फ्यूज पुरतो. तो वारंवार उडतो म्हणून 30 चा हिरवा खुपसणारे महाभाग भेटतात. त्यांच्याकडे गाडी ठेवू नका. एलईडी कमी करंट घेते हे खरे, पण तिच्या वायरीलाही फ्यूज हवाच, फक्त लहान.

जोड पिळून, टेप गुंडाळून मोकळे होऊ देऊ नका. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो आणि जोड उघडा पडतो. थिंबल दाबून, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवून घ्या. गाडीचे मूळ हार्नेस कापू देऊ नका. कपलरला जुळणारे तयार हार्नेस मिळते. मूळ हार्नेस कापले तर वॉरंटीचा वाद ओढवून घ्याल.

काम झाले की दुकानातच बॉनेट उघडायला लावा. दिवे दहा मिनिटे चालू ठेवून वायरीला हात लावून पाहा; गरम लागली तर ती बारीक आहे, बदलून मागा. मग बॅटरीजवळचा फ्यूज दाखवायला सांगा आणि तो पाहूनच पैसे द्या.