सामान्यपणाचा अधिकार

अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेने २४ फेब्रुवारी २०२५ या दिवशी ‘बियाँड द गेट्स’ नावाची एक दैनंदिन मालिका दुपारच्या वेळी सुरू केली. वॉशिंग्टन शहराला लागून असलेल्या मेरिलँड राज्यातील एका श्रीमंत वसाहतीत राहणारे ड्युप्री हे कृष्णवर्णी कुटुंब तिच्या केंद्रस्थानी आहे. आजोबा माजी सिनेटर, आजी एके काळची नामांकित गायिका, मुली कर्तृत्ववान, जावई मात्र एक सरळ नव्हे. थोडक्यात, अशा मालिकांत जे असावयाचे ते सर्व येथे आहे. हा विषय आमच्या मंडळाच्या वाचनालयात निघाला तेव्हा एक सुविद्य गृहस्थ म्हणाले, ‘‘कलेला वर्ण कशाला? काळ्यांची वेगळी मालिका काढणे म्हणजे जुनीच दरी पुन्हा खणणे होय.’’ दुसऱ्यांनी त्यांची री ओढली, ‘‘आणि मालिका म्हणजे मुळातच कचरा. कचऱ्यात समान वाटा मिळाला तर त्यात आनंद कसला?’’ उपस्थितांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. मला ही दोन्ही मते चुकीची, इतकेच नव्हे तर अपायकारक वाटतात.

पहिले मत प्रथम पाहू. ‘वेगळी’ या शब्दातच सारी मेख आहे. शिकागोच्या नभोवाणीवर १९३० साली अर्ना फिलिप्स या लेखिकेने ‘पेंटेड ड्रीम्स’ लिहिली, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. साबण विकणाऱ्या कंपन्यांनी तो पोसला, म्हणून त्याला ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. त्यातील ‘गायडिंग लाइट’ ही मालिका १९३७ साली नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ साली दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ साली संपली. बहात्तर वर्षे! एवढ्या अवधीत गोऱ्या कुटुंबांच्या डझनावारी मालिका आल्या आणि गेल्या. त्यांना कोणी ‘गोऱ्यांची वेगळी मालिका’ म्हटले काय? मुळीच नाही. त्या नुसत्या ‘मालिका’ होत्या. ज्याचे घर तेच जग असे ठरून गेले, की त्या घराला विशेषण लागत नाही. विशेषण लागते ते बाहेरून येणाऱ्याला. तेव्हा वेगळेपणाचा आरोप करावयाचाच असेल, तर तो आधीच्या नव्वद वर्षांवर करावा. या एका मालिकेवर नव्हे.

कृष्णवर्णी पात्रे पूर्वी नव्हतीच, असे नाही. १९६८ साली अ‍ॅग्नेस निक्सन यांच्या ‘वन लाइफ टू लिव्ह’मध्ये एलन हॉली या अभिनेत्रीने कार्ला ही भूमिका केली. ही तरुणी आपण गोरी आहोत असे भासवून वावरते, आणि पुढे तिची कृष्णवर्णी आई प्रेक्षकांसमोर येते. त्या काळाच्या मानाने हे मोठे धाडस होते, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु पाहा, की त्या घरात शिरण्यासाठी कार्लाला आधी आपला वर्ण झाकावा लागला. त्याच १९६८ साली घर विकताना वा भाड्याने देताना वर्ण पाहण्यास बंदी करणारा कायदा अमेरिकेत झाला. कायद्याने दार उघडले, पण दिवाणखान्याची कल्पना तीच राहिली. कागदावरचा नियम आणि दारातील वागणूक यांत किती अंतर असते, हे सरकारी नोकराला निराळे सांगावयास नको.

१९८९ साली एनबीसीने ‘जनरेशन्स’ नावाची मालिका काढली. आरंभापासूनच एक कृष्णवर्णी कुटुंब प्रमुख असलेली ती पहिली मालिका. १९९१ च्या जानेवारीत ती बंद पडली. त्यानंतर तसा प्रयत्न करण्यास पुढची चौतीस वर्षे कोणतीही मोठी संस्था पुढे आली नाही. याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवून पाहा. ‘द सिटी’ १९९५ साली आली, १९९७ साली गेली. ‘सन्सेट बीच’ १९९७ साली आली आणि १९९९ अखेर तिचाही निकाल लागला. पण ‘गोऱ्या कुटुंबांच्या कथा चालत नाहीत’, असा निष्कर्ष कोणी काढल्याचे ऐकिवात नाही. गोऱ्यांची मालिका पडली तर ती मालिका पडते. काळ्यांची पडली तर सारी जमात पडते. एका व्यक्तीचे अपयश तिच्या सबंध जातीच्या खाती मांडण्याची ही जमाखर्चाची पद्धत आपल्याकडे अपरिचित आहे, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

आता ‘कचऱ्या’कडे वळू. या मालिकांत अतिरंजितपणा असतो, योगायोगांचा सुकाळ असतो, मेलेली माणसे परत येतात, हे सर्व मला मान्य आहे. पण ज्याला आपण क्षुद्र म्हणतो तेच रोज घरात येते. नाटकाला माणूस वर्षातून दोनचारदा जातो. मालिकेतील पात्रे मात्र रोज जेवणाच्या वेळी समोर येऊन बसतात, आणि पाहता पाहता शेजारी होतात. शेजार कोणाचा असावा, हाच तर अमेरिकेतील मूळ तंटा होता. १९३४ साली स्थापन झालेल्या तेथील संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कृष्णवर्णी वस्त्यांतील घरकर्जांना हमी नाकारण्याचे धोरण कित्येक वर्षे चालविले. ज्यांना गल्लीत शेजार मिळू दिला नाही त्यांना पडद्यावरही शेजार मिळू नये, ही गोष्ट क्षुद्र कशी?

आणखी एक गोष्ट. १९५१ साली याच सीबीएसने ‘अ‍ॅमॉस अँड अँडी’ हा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आणला. तो मूळचा नभोवाणीवरचा. तेथे गोरे नट काळ्यांची बोली काढून हशा पिकवीत असत. पडद्यावर नट काळे आले, विनोद तोच राहिला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या संस्थेने त्याविरुद्ध आवाज उठविला. आज तीच संस्था सीबीएसच्या जोडीने ‘बियाँड द गेट्स’ची सहनिर्माती आहे. दाराबाहेर निषेध करणारा दाराआत येऊन कथा सांगू लागला. या प्रवासाला चौऱ्याहत्तर वर्षे लागली. मिशेल व्हॅल जीन या कृष्णवर्णी लेखिकेने ही मालिका निर्मिली आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

एक आक्षेप मात्र विचारार्ह आहे. ड्युप्री कुटुंब गर्भश्रीमंत आहे. वसाहतीला फाटक आहे. मग फाटकाबाहेरच्यांचे काय? या प्रश्नाचे वजन मी नाकारीत नाही. परंतु डॉक्टर, वकील आणि धनिक यांच्या घरांतील भानगडी हाच या प्रकाराचा पिढीजात विषय आहे. गोऱ्यांनी श्रीमंतीचे कज्जे दाखविले तर ती करमणूक, आणि काळ्यांनी मात्र सदैव दैन्यच दाखवावे, नाहीतर ते खोटे, हा न्याय कुठला? दैन्याची सक्ती हेही एक फाटकच आहे. माझे म्हणणे इतकेच, की असामान्य माणसाला सगळेच नाइलाजाने जागा देतात. समतेची कसोटी सामान्य माणसाजवळ लागते. मत्सरी बहीण, लबाड जावई, हट्टी सासू म्हणून पडद्यावर येण्याचा, आणि तसे येऊनही आपल्या जमातीला कलंक न लागण्याचा अधिकार, हा खरा अधिकार होय.

हे सारे दूरदेशीचे आहे, आपणास त्याचे काय, असे कोणी विचारील. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. एनएएसीपीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या डू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, तिने नावच तिकडून घेतले. तेव्हा नाते जुने आहे. आपण ते विसरलो, एवढेच.

महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण हिंदी चित्रपटांतील मराठी माणूस पाहून चिडतो. तो हवालदार असतो, नाहीतर धुणीभांडी करणारी बाई असते. ‘आमच्यात दुसरे कोणी जन्मलेच नाही काय?’ असे आपण तावातावाने विचारतो. हा राग रास्त आहे. मग तोच प्रश्न आपल्या घरातील पडद्याला विचारावा. मराठी वाहिन्यांवरील प्रशस्त वाडे, देवघरे, सणवार आणि त्या घरांची आडनावे एकदा नीट न्याहाळावीत. २०१९ साली बाबासाहेबांच्या चरित्रावर मालिका झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण महामानवाला जागा देणे सोपे असते. बदलीच्या गावी भाड्याचे घर शोधताना ‘आपण कोण?’ या प्रश्नाला उत्तर देऊन जिना उतरणारा दलित कारकून, त्याची शिकलेली बायको, तिची कुरकुर, त्यांची भांडणे आणि त्यांचा सणाचा दिवस, हे घर रोज संध्याकाळी आपल्या पडद्यावर कितीदा आले?

वाचनालयातील त्या गृहस्थांना मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. वयाने आणि हुद्द्याने ते मोठे आहेत. आज देतो. कलेला वर्ण नसतो, हे खरे असेल. पण दिवाणखान्याला असतो. तो आधी पुसा, आणि मग कलेच्या निर्वर्णतेचे प्रवचन खुशाल करा.