माडीवरचा रेडिओ

चतुर्थी जवळ आली की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, माटोळीच्या सामानाची यादी. आणि दुसरी, माडीवरच्या जुन्या संगणकावरून होणारा वाद. जो संगणक जागा व्हायलाच दहा मिनिटे घेतो आणि जागा झाल्यावर कोणाच्याही उपयोगी पडत नाही, तो भंगारवाल्याच्या स्वाधीन करावा, असे सौभाग्यवतींचे मत. तो संगणक नसून रेडिओ आहे, असे आमचे मत. तरुण वाचकांना हे विधान विक्षिप्त वाटेल, म्हणून त्याची हकीकत सांगणे प्राप्त आहे.

सन २००४ मध्ये आम्ही तो संगणक घेतला तेव्हा दुकानदाराने आग्रहाने त्यात एक ‘ट्यूनर कार्ड’ बसवून दिले. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर पत्र्याची एक डबी आणि मागे आकाशक जोडण्यासाठी भोक. सोबत तबकडीवर एक प्रणाली आली. ती चालू केली की पडद्यावर रेडिओच्या दर्शनी भागाचे हुबेहूब चित्र उमटे: आकडे, बटणे, आवाजाची मूठदेखील. माउसने मूठ फिरविण्याचा तो सोहळा पाहायला शेजारची मुले जमत. खरे पाहता त्या प्रणालीला ऐकू काहीच येत नसे. ती कार्डाला फक्त एक आकडा कळवी, १०५.४ म्हणा. मग पत्र्याच्या डबीने तेवढ्या मेगाहर्ट्झची लहर वेचून घ्यावी, तिच्यातून आवाज वेगळा काढावा आणि तो वीतभर तारेने संगणकाच्या ध्वनिकार्डाकडे पोचवावा, अशी व्यवस्था. थोडक्यात, सारे काम कारकुनाचे आणि सही साहेबांची! सरकारी नोकरीत हयात गेलेल्या आमच्यासारख्याला ही पद्धत लगेच समजली.

अडचण निराळीच होती. आमचे नार्वे नदीकाठचे. दिवाडीवरून नदीपार आणलेल्या सप्तकोटेश्वराचे हे गाव. आजचे देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये उभारविलेले. देवाला सुरक्षित अशी ही सखल, झाडीने वेढलेली जागा एफ.एम. लहरींना मात्र मानवत नाही. मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात, चढउतार ओलांडतात. एफ.एम.ची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते, वाटेत डोंगर आला की अडते. तिचा गुण दुसऱ्या बाजूने आहे. विजेचा कडकडाट किंवा शेजारच्या पंपाची घरघर लहरीच्या उंचीवर आघात करते, तर एफ.एम.मध्ये आवाज उंचीत नसून कंपनांच्या संख्येत साठविलेला असतो. आर्मस्ट्राँग नावाच्या अमेरिकन अभियंत्याला १९३३ मध्ये याचे एकस्व मिळाले. लहरीची लांबी सुमारे तीन मीटर; तिचा चतुर्थांश, म्हणजे पाऊण मीटरची तार पुरते, असे पुस्तकात वाचून आम्ही तांब्याची तार मोजून कापली आणि कौलांच्या वर बांबूला बांधली. सात-आठ दिवस बांबू फिरवीत राहिलो. अखेर एका संध्याकाळी खरखर थांबली आणि आकाशवाणीच्या निवेदिका आमच्या माडीवर बसल्यासारख्या बोलू लागल्या.

रेडिओचे आमच्या घराला वेड जुने आहे. पोर्तुगीज अमदानीत, १९५५ च्या नोव्हेंबरात, आंबोलीच्या रानातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवा-मुक्तीचे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले, आणि पुढे ते कॅसलरॉकला हलवून १९६१ च्या डिसेंबरपर्यंत चालविले. ते पोर्तुगीज व कोंकणी प्रक्षेपण आमचे आजोबा दार लावून ऐकत आणि ऐकलेले नंतर हलक्या आवाजात शेजाऱ्यांना सांगत. ऐकणे आणि सांगणे, एवढेच हाती होते. ऐकलेले ठेवून देण्याची सोय नव्हती.

तीच गत काकांच्या भजनाची झाली. आमचे काका देवळातले भजनी. आमच्याकडे घरातले बोलणे कोंकणीत आणि देवापुढचे गाणे मराठीत, ही विभागणी पिढ्यान्‌पिढ्यांची; त्यात कोणाला कधी अवघडल्यासारखे झाले नाही. १९७८ च्या सुमारास त्यांच्या मेळाला पणजीच्या आकाशवाणी केंद्राचे बोलावणे आले. फेरीबोटीने नदी ओलांडून, पखवाज मांडीवर घेऊन ते आल्तिनोच्या टेकडीवर गेले, गाऊन आले, आणि प्रक्षेपणाच्या दिवशी सारा वाडा आमच्या पडवीत जमला. आम्ही तेव्हा आठेक वर्षांचे होतो. काका मात्र अंगणात जाऊन उभे राहिले. स्वतःचा आवाज त्यांना ओळखू येईना, म्हणून ते संकोचले होते. टेपरेकॉर्डर वाड्यात कोणाकडेच नव्हता. गाणे आले आणि गेले. काका १९९४ मध्ये वारले.

आणि २००५ च्या पावसाळ्यात पणजीहून एका स्नेह्यांचा दूरध्वनी आला: जुन्या ध्वनिमुद्रणांतली काही भजने एफ.एम.वर पुन्हा ऐकवणार आहेत, त्यांत तुमच्या काकांचे आहे. अमुक दिवशी सकाळी साडेसहा वाजता.

आमच्या प्रणालीत लाल बटण होते आणि घड्याळही होते. वेळ सांगून ठेवली की ती आपणहून मुद्रण सुरू करी, आपणहून थांबवी. आम्ही आदल्या रात्री तीनदा तालीम घेतली. पूर्ण दर्जाचे ध्वनिमुद्रण मिनिटाला दहा मेगाबाइट जागा खाते, म्हणून अर्ध्या तासासाठी तीनशेंची तजवीज केली. बांबूला दोन दोऱ्या जास्त बांधल्या. सकाळी काकींना हात धरून माडीवर आणले, खुर्चीत बसविले. काका गायले. आवाज असा स्वच्छ की मेळातल्या प्रत्येकाचे टाळ वेगळे ओळखता यावेत. संपल्यावर काकी काही बोलल्या नाहीत; पदराने चष्मा पुसून खाली गेल्या.

आम्ही उत्साहाने मुद्रण लावून पाहिले, आणि अंगातले त्राणच गेले. वाचकहो, संगणकात ऐकण्याची वाट वेगळी आणि मुद्रणाची वेगळी असते. मुद्रण कोठून घ्यावे हे सांगणारी एक निराळी चौकट, तिच्यात मायक्रोफोन, तारेचे भोक अशी नावे आणि प्रत्येकापुढे खूण करण्याची जागा. चिरंजीवांनी तिसऱ्या तालमीनंतर, पाठांतर मुद्रित करण्यासाठी, खूण मायक्रोफोनवर नेऊन ठेवली होती. आणि विद्यार्थ्यांना ‘उत्तरपत्रिका देण्यापूर्वी पुन्हा तपासा’ असे जन्मभर सांगणाऱ्या आम्ही ती तपासली नव्हती. संगणकाने आकाशवाणी मुद्रित केलीच नाही. मेजावरच्या मायक्रोफोनने आमची माडी मुद्रित केली होती.

ते मुद्रण आम्ही रागाने पुसून टाकणार होतो. दोन दिवसांनी, पुसण्यापूर्वी, एकदा शेवटपर्यंत ऐकले. कौलांवर पाऊस. खुर्चीची करकर. लांबून, विहिरीतून यावे तसे काकांचे गाणे. आणि मायक्रोफोनच्या अगदी जवळ, काकी. त्या गाण्याबरोबर पुटपुटत होत्या, काकांच्या अर्धा शब्द आधी. त्या समोर असताना आम्हाला हे ऐकूच आले नव्हते. आमचे सारे लक्ष पडद्यावरच्या नाचणाऱ्या रेघांकडे. एका ठिकाणी त्या थांबतात आणि स्वतःशीच म्हणतात, “पळय, हांगा ते सदांच चुकताले.” बघ, इथे ते नेहमीच चुकायचे. आणि काका तेथे खरोखरच एक मात्रा मागे पडतात.

काकी २००९ मध्ये गेल्या. त्यांचा आवाज असलेले दुसरे मुद्रण आमच्याजवळ नाही.

ट्यूनर कार्डांचा जमाना नंतर फार टिकला नाही. ती बसविण्याची खाच नव्या संगणकांतून नाहीशी झाली, नव्या कार्यप्रणाली त्या कार्डाला ओळखीनाशा झाल्या, आणि आकाशवाणी मोबाइलवरच ऐकू येऊ लागली. अलीकडे पुतण्याने बोटाएवढी एक कांडी आणून दाखविली. ती मुळात दूरचित्रवाणीसाठी केलेली. तिच्याकडून रेडिओचेही काम करून घेता येते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले. ती सेकंदाला वीस-बावीस लाख वेळा लहरींची मोजदाद करून सारी आकडेवारी संगणकाला देते, आणि आवाज वेगळा काढण्याचे काम आता प्रणालीच करते. साहेब अखेर काम करू लागले म्हणायचे! पडद्यावर धबधब्यासारखे चित्र खाली सरकत राहते आणि प्रत्येक केंद्र त्यात एक उजळ पट्टा होऊन दिसते. आम्हाला कौतुक वाटले. पण पडद्याकडे फार वेळ पाहायचे नाही, असे आम्ही आता स्वतःस बजावले आहे.

त्या मुद्रणाच्या प्रती आम्ही बेळगाव, बडोदे आणि इंदूर येथील भावंडांकडे पाठविल्या आहेत. इंदूरच्या भाच्याचे उत्तर गेल्याच महिन्यात आले. पार्श्वभूमीचे आवाज काढून टाकणारी नवी प्रणाली त्याच्याकडे आहे म्हणे. पाऊस, खुर्ची आणि काकीआजींचे बोलणे बाजूला काढून आजोबांचे गाणे जवळजवळ स्वच्छ करता येईल. करून पाठवू का, असे तो विचारतो. आम्ही उलट टपाली कळविले आहे की, बाबा रे, पाऊस आणि खुर्ची काढायची तर खुशाल काढ, बाकी कशालाही हात लावू नकोस.

सौभाग्यवतींनी पत्र वाचून, पाऊसही राहू द्यावा, अशी ओळ खाली घातली आहे.