विज्ञान प्रदर्शनातला जेसीबी आणि वस्तीतला नळ

गेल्या महिन्यात नांदेडच्या आमच्या कार्यालयात एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. काम जात वैधता प्रमाणपत्राचे. मुलगी लातूरला वसतिगृहात राहून बारावी विज्ञान करते, नीटची तयारी करते, आणि वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी प्रमाणपत्र हातात पाहिजे. अशी प्रकरणे आमच्याकडे दरवर्षी येतात. १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या आजोबाने शाळेची पायरीच चढली नाही, त्याचा प्रवेश निर्गम उतारा आणायचा कुठून, या प्रश्नात आमचा अर्धा पावसाळा जातो. निजामाच्या काळातील उर्दू कागद धुंडाळावे लागतात. असो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

कागद झेरॉक्सला गेले होते तेव्हा ती मुलगी आमच्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभी होती. आम्ही सहज विचारले, "काय वाचतेस, बाळा?" ती म्हणाली, "आता काहीच नाही, वकीलसाहेब. आधी वाचायची." बाप मध्येच बोलला, "लिहिती साहेब ती. वहीत लिहिती रात्री. मी म्हणलं, ते लिहून कुठं नंबर लागतो का?" ती वही आम्ही मागून घेतली. शाळेतले विज्ञानाचे प्रकल्प आणि मराठीचे तास, यांविषयी तिने त्यात वीस-बावीस पाने लिहिली आहेत. दोघांच्या परवानगीने त्यातला काही भाग वाचकांपुढे ठेवत आहोत. गावाचे, शाळेचे आणि तिचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. तिला अजून परीक्षा द्यायची आहे आणि बापाला त्याच गावात राहायचे आहे.

ती आठवीत असताना तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी प्रत्येकाने विषय आणायचा होता. हिने नळाचा विषय घेतला. पंधरा लिटरची बादली, घरातले घड्याळ आणि एक वही, एवढेच साहित्य. गावातल्या मोठ्या गल्लीतल्या मैत्रिणीच्या नळाखाली बादली भरायला किती वेळ लागतो आणि आपल्या वस्तीतल्या नळाखाली किती, हे तिने बारा दिवस मोजले. दर वेळी तीनदा मोजून सरासरी काढली. मोठ्या गल्लीत पन्नास सेकंद, वस्तीत दोनशे पन्नास सेकंद. म्हणजे तिकडे मिनिटाला अठरा लिटर आणि इकडे साडेतीन लिटरच्या जरा वर. पाचपट फरक. आता या फरकाचे कारण काय? मुलगी इथेच थांबली नाही. टाकी गावाच्या वरच्या अंगाला आहे आणि वस्ती ओढ्याच्या बाजूला उतारावर. उतारावर तर पाणी जास्त जोराने यायला पाहिजे, असे तिने लिहिले. म्हणजे दोष जमिनीचा नाही. मग तिने पाणी सोडणाऱ्या माणसाला विचारले. मोठ्या गल्लीपर्यंत तीन इंची पाइप आहे, पुलाच्या पुढे चाळीस घरांसाठी एक इंची, असे त्याने सांगितले. तेही तिने लिहून काढले, आकृतीसह.

वाचकहो, विज्ञान यापेक्षा वेगळे काय असते? निरीक्षण केले, मोजमाप केले, एक कारण तपासून बाद केले, दुसरे कारण शोधले. त्या वहीत तिने जात हा शब्द कुठेही लिहिलेला नाही. मुख्याध्यापकांना मात्र तो लगेच दिसला. "हा विषय ग्रामपंचायतीचा आहे, विज्ञानाचा नाही," असे सांगून त्यांनी वही परत केली. मग नांदेडच्या बाजारातून तयार जेसीबी आणला गेला. पुठ्ठ्याचा सांगाडा, इंजेक्शनच्या सिरिंजा, सलाइनची नळी आणि रंगीत पाणी. सिरिंज दाबली की पंजा वर. बापाने त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून पैसे दिले. जेसीबीला तालुक्यात दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांनी विचारल्यावर म्हणायची चार वाक्ये शिक्षकांनी पाठ करून घेतली होती. ती वाक्ये पास्कलच्या नियमाची होती, हे तिला अकरावीत लातूरला गेल्यावर कळले. तिने लिहिले आहे, "बक्षीस मिळाले त्याचा फोटो घरात आहे. मोजलेली वही दप्तरातच राहिली."

शाळांना विज्ञान प्रदर्शन म्हणजे एक सरकारी सोपस्कार वाटतो, यात शिक्षकांचाच सगळा दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. तालुका, जिल्हा, राज्य अशी उतरंड आहे. कागद भरायचे असतात, फोटो अपलोड करायचे असतात, आणि शिक्षकाच्या मागे इतर शंभर कामे असतात. इन्स्पायर मानक योजनेत निवडलेल्या मुलाला दहा हजार रुपये मिळतात. योजना चांगली आहे, पण पैसा आला की तयार मॉडेल विकणारा दुकानदारही येतो. वादाचा विषय नको, दिसायला छान पाहिजे, हलले पाहिजे, दिवा लागला पाहिजे, एवढ्यावर प्रदर्शन उरकते. ज्या लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले, तिथल्या मुलांनी भिंतीचा अभ्यास करू नये? ज्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर, तिथल्या मुलांनी आपल्या गल्लीतले पाणी मोजू नये? मोजले तर कुणाच्या गल्लीत टँकर आधी गेला, हेही मोजले जाईल. भीती तिथेच आहे.

आम्ही वकील आहोत, तेव्हा कायद्याचे बोलू. भारतीय संविधानाच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक वृत्ती व सुधारणावाद यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते आले. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम २९ मध्ये आठवीपर्यंतचा अभ्यासक्रम संविधानातील मूल्यांशी सुसंगत असावा, मुलाने कृतीतून, शोधातून, धुंडाळण्यातून शिकावे आणि आपले मत निर्भयपणे मांडावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके हवीत, असेही आहे. ही मुलगी तेव्हा आठवीत होती. म्हणजे तिच्या वहीला कायद्याचे पूर्ण संरक्षण होते आणि ते तिला, तिच्या बापाला किंवा मुख्याध्यापकांना ठाऊक नव्हते. आम्हालाही त्या वेळी कुणी सांगायला आले नाही. वैधतेसाठी लोक येतात, याच्यासाठी येत नाहीत.

आता मराठीच्या तासाविषयी. नववीत असताना तिने गावातल्या विहारातून प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' नेऊन वाचले. १९७९ चे हे आत्मकथन आताच्या लातूर जिल्ह्यातून नागसेनवनात शिकायला गेलेल्या माणसाचे आहे. पोरक्या मुलाची भूक आणि त्या भुकेतून चाललेले शिक्षण. हिने ते तीन दिवसांत संपवले. त्यानंतर वर्गात दलित साहित्यातला एक उतारा आला. प्रश्न होता, लेखकाच्या बालपणातील अडचणी लिहा. हिने पाणवठ्याविषयी लिहिले, वरून ओंजळीत ओतलेल्या पाण्याविषयी लिहिले आणि शेवटी आपल्या बादलीचे आकडे दिले! चारपैकी दीड गुण मिळाला. शेजारणीने गाईडमधले उत्तर उतरवले होते, त्यात 'गरिबी' हा शब्द पाच वेळा होता. तिला साडेतीन. जातीचे उत्तर गाईडमध्ये गरिबी कसे होते, याचा शोध भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांनी जरूर घ्यावा. अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, हे मुलांना एका गुणासाठी पाठ असते. का अर्पण केली, हे विचारले जात नाही.

पुढे लातूर. लातूर पॅटर्नला नावे ठेवणे सोपे आहे आणि आम्ही ते करणार नाही. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांच्या मागे मराठवाड्यातील मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत गेली. आज गावोगाव आमच्या समाजाचे जे डॉक्टर दिसतात, त्यांतले अनेक याच वाटेने आले आहेत. पुण्या-मुंबईची मक्तेदारी मोडली, हे छोटे काम नव्हे. पण आज त्या गावात काय चालते, तेही सांगितले पाहिजे. तीन तासांत एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस गुण. २०२४ साली नीटच्या पेपरफुटीचा तपास याच शहरापर्यंत आला, यावरून दबाव किती असेल ते समजावे. या मुलीने अकरावीला मराठी घेतली नाही, माहिती तंत्रज्ञान घेतले, कारण त्यात गुण पडतात आणि वेळ वाचतो. सगळ्यांनीच तेच घेतले. प्रयोगवही शेवटच्या महिन्यात एकीच्या वहीवरून दुसरीने, दुसरीच्या वहीवरून तिसरीने उतरवली. एका ओळीत तिने लिहिले आहे की, दोन वर्षांत प्रयोगशाळेत गेलो ते फक्त परीक्षेला. डॉक्टर होणाऱ्या मुलीने स्वतःच्या हाताने एकही गोष्ट मोजली नाही आणि माणसाच्या दुःखाचे एकही पुस्तक वाचले नाही, तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात आमच्याच आयाबायांशी काय बोलणार?

रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. जानेवारी २०१६ मध्ये तो गेला. त्याच्यावर आमच्या चळवळीने पुष्कळ मोर्चे काढले, काढायलाच पाहिजे होते. पण एका दलित मुलाला तारे आणि लेखन ही दोन्ही एकदम हवी होती, ही गोष्ट आम्ही किती जणांनी नीट ऐकली? बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे तेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याच्या धरणांचे, नद्यांच्या पाण्याचे नियोजन करत होते. पाणी त्यांनी महाडला हक्क म्हणून पाहिले आणि दिल्लीत विज्ञान म्हणूनही. १९५० साली मराठवाड्यात त्यांनी महाविद्यालय काढले, तेव्हा तिथे कला आणि विज्ञान दोन्ही होते. त्याच नागसेनवनात म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' झाले आणि गंगाधर पानतावण्यांसारखी माणसे घडली. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले ते स्वतः तपासून पाहायलाच. आमच्या मुलांना ते पाठांतरापुरते ठेवायचे का?

आता थोडे आपल्या घरचे. दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, स्मृतिचिन्ह, फ्लेक्सवर फोटो, पुढाऱ्याचे भाषण. अशा कार्यक्रमांना आम्हीही गेलो आहोत आणि भाषणेही केली आहेत. टक्के विचारतो, काय वाचले ते विचारत नाही. विहारात साउंड सिस्टिम नवी आहे आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सचिवाच्या घरी. सचिव पुण्याला मुलाकडे गेले की वाचन बंद. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील विहार समित्यांना आमची विनंती आहे की, रविवारी दोन तास कपाट उघडे ठेवा. एक वजनकाटा, एक थर्मामीटर, एक मोजपट्टी ठेवा. मुलांना गावातली कुठलीही गोष्ट मोजू द्या आणि तिच्यावर मराठीत एक पान लिहू द्या. शाळेने ते नाकारले तर लेखी कारण मागा. ते कारण घेऊन आमच्याकडे या, फी लागणार नाही.

ज्या दिवशी वैधतेचे कागद समितीकडे दाखल झाले, त्या दिवशी आम्ही तिला वही परत केली. पुलाच्या पुढचा पाइप बदलला का, असे विचारले. नाही, म्हणाली, पण वस्तीत आता साठ घरे झालीत. तिचा धाकटा भाऊ सातवीत आहे. बहिणीची बादली आणि घड्याळ घेऊन त्याने या वर्षी पुन्हा मोजमाप केले आहे आणि तालुका प्रदर्शनासाठी तोच विषय दिला आहे. या वेळी अर्जाची पोच घेतली आहे. शाळेने अजून काही कळवलेले नाही.