विमानात मोबाईल चालतो, मग पॉवर बँक का नाही?

बेळगाव : सांबरा विमानतळ असो की निपाणीकरांना सोयीचं कोल्हापूरचं उजळाईवाडी, सीमाभागातला माणूस आता सर्रास विमानाने जातो. हातात मोबाईल आणि पिशवीत पॉवर बँक हे ठरलेलंच. पण या दोन वस्तूंचे नियम उलट दिशेने चालले आहेत, हे अनेकांच्या लक्षात आलेलं नाही.

पूर्वी विमान उडताना-उतरताना मोबाईल बंदच करावा लागे. त्याच्या लहरींमुळे वैमानिकाच्या यंत्रणेत अडथळा येईल, ही भीती होती. एप्रिल २०१४ मध्ये डीजीसीएने फ्लाइट मोडवर मोबाईल संपूर्ण प्रवासात वापरायला परवानगी दिली.

पॉवर बँकेचा धोका लहरींचा नाही, आगीचा आहे. लिथियम बॅटरी आतून बिघडली की स्वतःच तापत जाते आणि पेट घेते. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उभ्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातून आग लागली. सगळे १७६ जण बाहेर पडले, विमान मात्र जळालं. तपासात संशय पॉवर बँकेवर आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात धावपट्टीकडे जातानाच एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. कर्मचाऱ्यांनी ती लगेच विझवली.

त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये डीजीसीएने नियम कडक केले. विमानात पॉवर बँकेवरून मोबाईल चार्ज करायचा नाही. ती डोक्यावरच्या कप्प्यात नको, जवळच ठेवायची. चेक-इन बॅगेत तर मुळीच नाही, कारण खाली सामानात आग लागली तर ती विझवायला तिथे कोणी नसतं.

मर्यादा १०० वॉट-अवरची. म्हणजे नेहमीची २० हजार एमएएचची पॉवर बँक (सुमारे ७४ वॉट-अवर) चालते. त्याहून मोठी असेल तर आधी कंपनीला विचारा. आकडा पुसला गेला असेल तर ती घरीच ठेवलेली बरी.

राहिला प्रश्न सांगण्याचा. विमानातली सूचना बहुतेक हिंदी-इंग्रजीत होते. मुलाकडे पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला निघालेल्या गावाकडच्या आजी-आजोबांना ती कितपत कळणार? सांबऱ्यात हीच माहिती मराठी आणि कन्नड दोन्हींत ठळक लावली, तर त्यात भाषावाद आणायचं कारण नाही. आग लागली तर ती कोणाची भाषा विचारत नाही. तोवर आपल्या घरातल्यांची बॅग भरताना हे आपणच सांगायला हवं.